लोरेटा लिन यांचे पहिले सिंगल: मोठ्या कंपनीशिवाय एक गाणे अमेरिकाभर कसे पोहोचले?

आपण विचारले आहे की, कंट्री या अमेरिकी लोकधाटणीच्या संगीतातील गायिका लोरेटा लिन यांचे पहिलेच गाणे एका अनोळखी, छोट्या कंपनीने काढलेले असूनही १९६० मध्ये बिलबोर्ड या अमेरिकी संगीत नियतकालिकाच्या कंट्री लोकप्रियता-यादीत चौदाव्या क्रमांकापर्यंत कसे गेले, आणि स्वतः लिहिलेले व स्वरबद्ध केलेले पहिले सिंगल स्वखर्चाने काढू पाहणाऱ्या आजच्या मराठी गायिकेला त्यातले काय उपयोगी पडेल. ध्वनिमुद्रण आणि संगीत-संयोजन हे माझे काम आहे आणि नव्या गायक-गायिकांची पहिली गाणी मुद्रित करणे हा त्या कामाचा मोठा भाग आहे, म्हणून हा प्रश्न मला फार जवळचा वाटतो. लिन यांच्या त्या पहिल्या गाण्याची, ‘आय ॲम अ होंकी टोंक गर्ल’ची, तबकडी मी नव्या कलावंतांना अनेकदा ऐकवतो, कारण हाताशी थोडेसेच पैसे असताना ते कोठे खर्च करावेत याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल.

या यशाबद्दल जे लिहिले जाते त्यात बहुतेक वेळा लिन आणि त्यांच्या पतीने मोटारीतून गावोगावच्या रेडिओ केंद्रांकडे केलेल्या प्रवासावर भर असतो. तो प्रवास खरा आहे आणि त्याचे मोलही मोठे आहे. तथापि माझे मत असे की, गाणे लिहिताना आणि ते मुद्रित करताना घेतलेले निर्णय चुकले असते तर त्या प्रवासातून काहीही हाती लागले नसते. रेडिओवरचा निवेदक नवख्या गायिकेची तबकडी सौजन्याने एकदा वाजवील, पण दुसऱ्यांदा वाजवील ते श्रोत्यांनी मागितली म्हणूनच. म्हणून मी आधी गाण्याबद्दल, मग मुद्रणाबद्दल आणि त्यानंतर प्रवासाबद्दल लिहितो.

लोरेटा वेब यांचा जन्म १४ एप्रिल १९३२ रोजी केंटकी राज्यातील बुचर हॉलो या डोंगरकपारीतल्या वस्तीत झाला. वडील कोळशाच्या खाणीत कामाला होते. जानेवारी १९४८ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, त्यांचे ऑलिव्हर लिन यांच्याशी लग्न झाले आणि हे दांपत्य देशाच्या दुसऱ्या टोकाला, वॉशिंग्टन राज्यातील कस्टर या कॅनडाच्या सीमेजवळच्या गावी जाऊन राहिले. तिशी गाठण्याच्या कितीतरी आधी त्या चार मुलांच्या आई झाल्या होत्या. १९५३ मध्ये पतीने त्यांना सतरा डॉलरची हार्मनी गिटार आणून दिली आणि कोणत्याही शिक्षकाविना त्या ती वाजवायला शिकल्या. पुढे पतीच्याच आग्रहाने त्या आसपासच्या सभागृहांत आणि बिअर मिळणाऱ्या छोट्या गुत्त्यांत गाऊ लागल्या. ‘ट्रेलब्लेझर्स’ या नावाचा त्यांचा वाद्यवृंद होता आणि त्यात त्यांचा भाऊ जे ली वेब गिटार वाजवीत असे.

अशा जागी गाण्याचा अनुभव कमी लेखू नये. ग्लासांचा खणखणाट आणि गप्पांचा गलका यांच्या वरून गाणे ऐकू जायला हवे असेल, तर शब्द स्पष्ट, चाल थेट आणि पहिल्या दोन ओळींतच विषय समोर असा बांधा लागतो. होंकी टोंक म्हणजे असाच गुत्ता, आणि त्या नावाची संगीतशैलीच मुळी अशा जागांमधून आकाराला आली. १९३३ मध्ये अमेरिकेतील दारूबंदी उठल्यानंतर टेक्सास आणि ओक्लाहोमाच्या तेलपट्ट्यात स्वस्त गुत्ते वाढले, त्यांत नाणे टाकले की तबकडी वाजवणारे ज्यूकबॉक्स आले, आणि त्या गोंगाटात टिकण्यासाठी गिटारला वीज जोडली गेली व ताल ठसठशीत झाला. गाण्यांचे विषयही बदलले. डोंगर, आई आणि देवळाच्या जोडीला आता मोडलेला संसार, परगावची नोकरी आणि दारूचा ग्लास हे विषय आले. या गाण्यांत बोलणारा मात्र बहुतेक वेळा पुरुष असे. गुत्त्यात बसलेली स्त्री ही गाण्याचा विषय होई, कित्येकदा दोषाची धनीही होई, पण तिला स्वतःचे म्हणणे मांडायला क्वचितच मिळे.

याला १९५२ मध्ये गायिका किटी वेल्स यांनी छेद दिला. बिघडलेल्या बाईला दोष देणाऱ्या एका लोकप्रिय गाण्याला त्यांनी गाण्यातूनच उत्तर दिले आणि ते उत्तर बिलबोर्डच्या कंट्री यादीत पहिल्या क्रमांकावर गेले. एकट्या स्त्री गायिकेच्या नावावर तो मान तोवर कधीच गेला नव्हता. लोरेटा लिन यांच्या पिढीला किटी वेल्स म्हणजे दीपस्तंभ होता, आणि पहिल्या तबकडीवर त्यांच्या गायकीची छाया उघड दिसते. ओळीच्या शेवटी स्वर सोडण्याची पद्धत आणि रडवेला होऊ न देता सरळ ठेवलेला आवाज ही वेल्स यांचीच देणगी आहे. लिन यांचा पुढे जगप्रसिद्ध झालेला बेडर, मिस्कील, नवऱ्याला थेट जाब विचारणारा सूर या गाण्यात अजून नाही. तो १९६६-६७ च्या सुमारास पूर्ण उमलला. पहिल्याच गाण्यात स्वतःची संपूर्ण ओळख सापडली पाहिजे असा हट्ट आजचे अनेक नवे कलावंत धरतात आणि त्यापायी गाणे वर्षानुवर्षे अडवून ठेवतात, म्हणून ही बाब मी आवर्जून नोंदवतो.

मग या गाण्यात त्यांचे स्वतःचे काय होते? विषय आणि त्याकडे पाहण्याची जागा. लिन गात असत त्या ठिकाणी नवऱ्याने सोडलेली एक स्त्री येऊन रडत बसे आणि तिच्यावरून हे गाणे सुचले, असे त्यांनी सांगितले आहे. गाण्यात ती स्त्रीच प्रथमपुरुषी बोलते. तू गेल्यापासून माझी वाट चुकली, ज्यूकबॉक्सचा आवाज वाढवा, माझा ग्लास भरा, मला रडू द्या, इतकाच त्यातला आशय आहे. उपदेश नाही आणि पश्चात्तापाचे प्रदर्शनही नाही. लेखणी त्या स्त्रीच्या शेजारच्या बाकावर बसून चाललेली आहे. ज्या ज्यूकबॉक्समध्ये ही तबकडी वाजणार होती तोच ज्यूकबॉक्स गाण्याच्या आत आहे, हे मला विशेष वाटते. गाणे ज्या जागी ऐकले जाणार त्या जागेचे भान लिहिणाऱ्याला होते आणि ते कोणत्याही जाहिरातीपेक्षा अधिक उपयोगी पडले.

आता मुद्रणाकडे वळतो, कारण आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने खरा धडा येथे आहे. लिन वॉशिंग्टन राज्यातीलच टॅकोमा येथील कंट्री गायक बक ओवेन्स यांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात गायल्या होत्या, तसेच सीमेपलीकडे व्हँकूव्हरमध्येही त्यांचे गाणे होत असे. तेथील लाकूड-व्यवसायातील एक धनिक नॉर्म बर्ली यांनी ‘झीरो रेकॉर्ड्स’ या लहानशा कंपनीसाठी भांडवल पुरवले आणि २ फेब्रुवारी १९६० रोजी लिन यांनी त्या कंपनीशी करार केला. कंपनीच्या डॉन ग्रॅशी यांनी मुद्रण हॉलिवूडला करायचे ठरवले. व्हँकूव्हरमध्येच एखाद्या खोलीत, रोजच्या साथीदारांना घेऊन, फार कमी खर्चात काम उरकता आले असते. त्याऐवजी सर्व पैसा एका चांगल्या स्टुडिओवर आणि अव्वल वादकांवर घालण्यात आला. स्टुडिओ होता वेस्टर्न रेकॉर्डर्स. स्टील गिटारवर स्पीडी वेस्ट, फिडलवर (म्हणजे लोकधाटणीने वाजवलेल्या व्हायोलिनवर) हॅरल्ड हेन्स्ली, गिटारवर रॉय लॅनहॅम, बासवर अल विल्यम्स आणि ड्रमवर मडी बेरी असा संच जमला.

यातील स्पीडी वेस्ट यांच्याबद्दल थोडे सविस्तर लिहिले पाहिजे. आपल्याकडे हजारा सिंग किंवा सुनील गांगुली यांनी हवाईयन गिटारवर वाजवलेली चित्रपटगीते ज्यांनी ऐकली आहेत, त्यांना या वाद्याच्या कुळाची ओळख आहेच. गिटार आडवी ठेवायची आणि तारांवरून धातूची कांडी सरकवत स्वर काढायचे. कांडीने सर्व तारा एकदमच सरकतात. पेडल स्टीलमध्ये पायाखालच्या पेडलने एखाददुसऱ्या तारेचा ताण तेवढा बदलता येतो, त्यामुळे स्वरसंगतीतील एक स्वर जागेवर थांबलेला असतो आणि दुसरा मींडेने त्याच्याकडे सरकत येतो. कंट्री संगीतात ज्याला स्टीलचे रडणे म्हणतात ते हेच. वेस्ट १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून बिग्सबी बनावटीचे पेडल स्टील वाजवत होते आणि ते वाद्य हाती घेणाऱ्या पहिल्या काही वादकांपैकी ते एक होते. मोठमोठ्या कलावंतांच्या मुद्रणांत त्यांचा हात लागलेला होता. अशा वादकाला प्रथमच स्टुडिओत उभ्या राहिलेल्या गायिकेमागे बसवले, की गायिकेच्या आवाजातली कोवळीक उणीव म्हणून ऐकू येत नाही. दोन ओळींमधल्या जागा स्टील आणि फिडल भरतात, गायिकेला स्वर उगाच लांबवावा लागत नाही, आणि जे रडणे तिने आवाजात आणलेले नाही ते वाद्य करते. संयोजनातली ही कामाची वाटणी मला आजही आदर्श वाटते.

दुसरी गोष्ट तालाची. पूर्वेला, कंट्री संगीताची राजधानी असलेल्या नॅशव्हिलमध्ये त्या सुमारास चेट अ‍ॅटकिन्स आणि ओवेन ब्रॅडली या निर्मात्यांच्या हाताखाली कंट्री संगीत मऊ होत चालले होते. फिडल आणि स्टील मागे सरत होते आणि व्हायोलिनचे ताफे व कोरस पुढे येत होते. १९६० च्या आरंभी जिम रीव्हज यांचे हळुवार आवाजातले गाणे कंट्री यादीच्या शिखरावर कित्येक आठवडे बसून होते. कॅलिफोर्नियात मात्र नाचाच्या सभागृहांमुळे शफल हा ठसठशीत, झुलता ताल आणि झणझणीत स्टील गिटार टिकून होती. लिन यांनी स्वतःच नंतर म्हटले आहे की, आपल्या पहिल्या गाण्याचा ताल पश्चिम किनाऱ्याचा होता आणि तो नॅशव्हिलच्या आवाजापेक्षा निश्चित वेगळा होता. त्यामुळे रेडिओवर या गाण्याआधी आणि नंतर जे वाजत होते त्यापेक्षा हे गाणे वेगळे उठून आले. जुन्या धाटणीचा आवाज कमी मिळू लागला होता, तेव्हा तो चोखपणे देणारी तबकडी आली. वेगळेपणासाठी काही नवे शोधावेच लागते असे नाही, हे मी येथून शिकलो.

तिसरी गोष्ट शिस्तीची. त्या काळी अमेरिकेतील वादक-संघटनेच्या नियमानुसार तीन तासांचे एक सत्र धरले जाई आणि तेवढ्या वेळात चार गाणी बसवणे हा सर्वसाधारण प्रघात होता. गायिका आणि वादक एकाच वेळी, एकमेकांना ऐकत मुद्रण करीत. सूर नंतर दुरुस्त करण्याची सोय नव्हती. अशा वेळी सगळी तयारी स्टुडिओत पाऊल ठेवण्यापूर्वी पूर्ण झालेली असावी लागे, आणि लिन यांची गाणी गुत्त्यांतल्या श्रोत्यांसमोर आधीच तासून निघाली होती.

तबकडीच्या एका बाजूला ‘होंकी टोंक गर्ल’ आणि दुसऱ्या बाजूला ‘व्हिस्परिंग सी’ अशी दोन गाणी निघाली. दोन्ही लिन यांनीच लिहिलेली होती. आता वितरणाचा प्रश्न आला आणि झीरो रेकॉर्ड्सकडे देशभर माल पोहोचवणारी यंत्रणा नव्हती. ऑलिव्हर लिन यांनी पत्नीचा काउगर्ल वेशातील फोटो काढला आणि तबकडीसोबत तो रेडिओ केंद्रांना टपालाने पाठवला. त्यानंतर दोघे मोटारीने निघाले. मोटारीतच झोपायचे, पावात बोलोनी (मांसाचे काप) आणि चीज घालून खायचे, आणि वाटेत कंट्री संगीत वाजवणारे केंद्र आले की आत जाऊन निवेदकाला भेटायचे. ग्रॅशी यांनी स्वतः कॅलिफोर्नियातील लाँग बीच येथील केएफओएक्स केंद्राकडे गाणे नेले.

हा मार्ग तेव्हा का चालला हे समजून घेतल्याखेरीज त्याचे अनुकरण करण्यात अर्थ नाही. रॉक अँड रोलच्या लाटेने कंट्री संगीताची रेडिओवरची जागा आक्रसली होती. त्या चिंतेतूनच १९५८ मध्ये कंट्री म्युझिक असोसिएशन स्थापन झाली, आणि तिच्या १९६१ च्या पाहणीत पूर्णवेळ कंट्री वाजवणारी केंद्रे देशभरात अवघी ८० च्या आसपास निघाली. इतर केंद्रांवर दिवसातले काही तास मिळत. उद्योगाच्या दृष्टीने ही वाईट बातमी होती, पण जुन्या मोटारीतून निघालेल्या दोन माणसांच्या दृष्टीने त्याचा अर्थ असा की, ज्यांच्यापर्यंत पोहोचायचे ती माणसे मोजता येण्याजोगी होती. शिवाय कोणती तबकडी वाजवायची हे पुष्कळ ठिकाणी माइकसमोर बसलेला निवेदकच ठरवीत असे. त्याच वसंत ऋतूत गाणी वाजवण्यासाठी निवेदकांना चोरून पैसे देण्याच्या प्रकारावर अमेरिकी काँग्रेसपुढे सुनावण्या चालू होत्या आणि सप्टेंबर १९६० मध्ये त्याविरुद्ध कायदाही झाला. लिन दांपत्याकडे द्यायला पैसे नव्हतेच. केंटकीच्या डोंगरी बोलीत बोलणारी, स्वतःचे गाणे स्वतः लिहिणारी एक बाई समोर बसून आपली हकीकत सांगते आहे, एवढेच त्या निवेदकाला मिळत होते, आणि त्याच्या कार्यक्रमासाठी ते पुरेसे होते.

दोघे नॅशव्हिलला पोहोचेपर्यंत गाणे चालू लागले होते. ते चौदाव्या क्रमांकापर्यंत चढले आणि १५ ऑक्टोबर १९६० रोजी लिन यांनी नॅशव्हिलच्या रायमन सभागृहात, ग्रँड ओल ओप्री या कंट्री संगीताच्या नामांकित रेडिओ कार्यक्रमाच्या मंचावर प्रथम पाऊल ठेवून हेच गाणे गायले.

यापुढचा भाग सहसा घाईने सांगितला जातो, पण आपल्यासाठी तो सर्वांत महत्त्वाचा आहे. झीरो रेकॉर्ड्सने काढलेल्या त्यांच्या पुढच्या दोन तबकड्या यादीत आल्याच नाहीत. पहिल्या गाण्याने त्यांना नॅशव्हिलमध्ये प्रवेश मिळवून दिला, पण मोठा करार मिळवून दिला नाही. तो मिळाला विल्बर्न बंधू या कंट्री गायक आणि गीत-प्रकाशक भावांच्या चातुर्याने. त्यांच्या प्रकाशन संस्थेकडील एका गाण्याचा नमुना लिन यांच्या आवाजात मुद्रित केलेला होता. डेका या मोठ्या तबकडी कंपनीच्या ओवेन ब्रॅडली यांना ते गाणे गायिका ब्रेंडा ली यांच्यासाठी हवे होते. विल्बर्न यांनी अट घातली की, गाणे हवे असेल तर ही गायिकाही घ्या. ‘फूल नंबर वन’ हे गाणे १९६१ मध्ये ब्रेंडा ली यांच्या आवाजात गाजले आणि लिन डेकात दाखल झाल्या. यादीत त्यांचे नाव पुन्हा झळकले ते १९६२ मध्ये, ‘सक्सेस’ या गाण्याने. म्हणजे पहिल्या यशानंतर जवळजवळ दोन वर्षांची पोकळी होती. पहिले गाणे चालले आणि दुसरे पडले म्हणून खचून गेलेले कलावंत मी पाहिले आहेत, आणि त्यांच्यापुढे मी ही दोन वर्षे ठेवतो.

आपल्यासाठी यातून मी जे सुचवतो ते असे. हाताशी असलेल्या रकमेत चार गाणी अर्धवट करण्यापेक्षा एकच गाणे घ्यावे आणि ते लोकांसमोर, ओळखीच्या मंडळींपलीकडच्या श्रोत्यांसमोर, गाऊन मगच मुद्रित करावे. चित्रफितीचा खर्च सध्या बाजूला ठेवावा आणि ती रक्कम एका खरोखर उत्तम वादकावर खर्च करावी. मग तो सारंगीचा असो, बासरीचा असो वा गिटारचा. आवाजाच्या मर्यादा झाकण्यासाठी वाद्यांची गर्दी करू नये. त्या मर्यादांच्या बाजूला जागा मोकळी ठेवून तेथे तो वादक बोलेल असे संयोजन करावे. गाणे कोणत्या ठिकाणी ऐकले जाणार, हे लिहितानाच ठरलेले असावे. एसटीच्या प्रवासात कानाला लावून ऐकायचे गाणे आणि मंडपात ध्वनिवर्धकावरून वाजणारे गाणे यांचा बांधा एक असू शकत नाही.

पोहोचण्याच्या बाबतीत, आज प्रत्यक्ष तबकडी नेण्याची गरज उरलेली नाही, पण ज्यांच्या हाती निवड आहे अशा मोजक्या व्यक्ती शोधण्याचे काम तसेच शिल्लक आहे. सामुदायिक रेडिओ केंद्रे, महाविद्यालयांतील संगीत मंडळे, आकाशवाणीच्या स्थानिक केंद्रांवरील कार्यक्रम आणि मराठी गाण्यांच्या यादी बनवणारे जाणकार श्रोते, अशा लोकांची नावानिशी यादी करावी. हजार जणांना एकच संदेश पाठवण्यापेक्षा त्यांच्यातील प्रत्येकाला स्वतंत्र पत्र लिहावे, आणि शक्य तेथे प्रत्यक्ष जाऊन गाऊन दाखवावे. आकाशवाणीवर कलावंत म्हणून गायचे असल्यास स्वरचाचणी द्यावी लागते. तिची तयारी आताच सुरू करणे बरे.

शेवटी हक्कांविषयी. नॉर्म बर्ली यांनी मोठी संधी आली तेव्हा लिन यांना आपल्या करारातून मोकळे केले, हे त्यांचे मोठेपण. याउलट विल्बर्न बंधूंच्या प्रकाशन संस्थेशी केलेल्या करारावरून पुढे दीर्घ न्यायालयीन वाद झाला आणि त्या काळात लिन यांचे गीतलेखन मंदावले. आपण गीतकार आणि संगीतकार दोन्ही आहात, त्यामुळे २०१२ च्या दुरुस्तीनंतरच्या भारतीय कॉपीराइट कायद्याने दिलेला मानधनातील (रॉयल्टीतील) समान वाट्याचा हक्क आपल्याला दोन्ही नात्यांनी लागू होतो. हा हक्क वारसाखेरीज किंवा कॉपीराइट संस्थेखेरीज कोणाला सोडून देता येत नाही. गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीचे सभासदत्व घ्यावे, साथीदारांशी आणि संयोजकाशी मोबदल्याविषयी मुद्रणाच्या आधी लेखी ठरवावे, आणि एखादी कंपनी पुढे आली तर कराराची मुदत, त्यात गुंतणाऱ्या पुढील गाण्यांची संख्या आणि त्यातून बाहेर पडण्याची तरतूद ही तीन कलमे सही करण्यापूर्वी वकिलाकडून तपासून घ्यावीत.